पडद्यावरचे नाव कसे निवडावे? पहिल्या श्रेयनामावलीपूर्वी सल्ला हवा आहे

पहिली_घंटा

सर्वांना नमस्कार. गेली चार वर्षे मी हौशी रंगभूमीवर काम करते आहे आणि आता प्रथमच एका चित्रपटात मला लहानशी, पण संवाद असलेली भूमिका मिळाली. चित्रीकरण पूर्ण झाले आहे आणि श्रेयनामावलीत माझे नाव नेमके कसे लिहायचे, अशी विचारणा निर्मिती विभागाकडून झाली आहे. उत्तर देण्यासाठी माझ्याकडे दहा दिवस आहेत. प्रश्न एका ओळीचा असला, तरी तो हाती आल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही.

अडचण अशी, की माझे नाव आणि आडनाव दोन्ही मिळून जे होते, त्याच नावाची एक अभिनेत्री माझ्या आधी कितीतरी वर्षांपासून काम करते आहे. महाजालावर माझे नाव शोधले तर केवळ त्यांची छायाचित्रे येतात. माझ्या एका एकांकिकेची नोंद एका संकेतस्थळावर त्यांच्या कामांच्या यादीत जोडली गेली होती, आणि एका ऑडिशनला तर त्या येणार आहेत असे समजून मला बोलावले गेले होते. दारात मला पाहिल्यावर त्या मंडळींच्या चेहऱ्यावर उमटलेला संकोच मी अजून विसरलेले नाही.

नाव बदलायचे किंवा त्यात भर घालायची, हे आता ठरले आहे. प्रश्न कोणते नाव घ्यायचे, हा आहे. मधल्या नावाचे आद्याक्षर घालावे, असा एक विचार आहे. आजीचे माहेरचे आडनाव घ्यावे, असा दुसरा. केवळ पहिले नाव ठेवून आडनाव गाळावे, असे मैत्रिणी सुचवतात. ज्यांच्या कार्यशाळेत मी अभिनय शिकले, त्यांचे म्हणणे आहे की आडनावात ‘ळ’ असल्यामुळे इतर भाषकांना ते उच्चारता येत नाही, तेव्हा कोणत्याही भाषेत सहज चालेल असे संपूर्ण नवे नाव घ्यावे. त्यांनी दोन नावे सुचवलीही आहेत. ती नावे सुंदर आहेत, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळून पाहीन की नाही, याची मला खात्री वाटत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण ती लिहिली नाही तर प्रश्न अर्धाच राहील. आडनाव सोडण्याचा विचार मी बाबांना सांगितला तेव्हा ते “तुला योग्य वाटेल ते कर” एवढेच म्हणाले आणि वर्तमानपत्र वाचू लागले. त्यांनी विरोध केला असता तर मला वाद घालता आला असता.

माझे नाव मी येथे उघडपणे लिहीत नाही आणि कोणी मला नाव सुचवावे, अशीही अपेक्षा नाही. या विषयाचा विचार कोणत्या क्रमाने करावा आणि कोणत्या चुका नंतर सुधारता येत नाहीत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

नामावली_लेखक

नमस्कार. चित्रपटांच्या आणि मालिकांच्या श्रेयनामावली तयार करणे, म्हणजे शेकडो नावे गोळा करून, तपासून, योग्य क्रमाने पडद्यावर आणणे, हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. तुम्हाला दहा दिवस मिळाले आहेत, हे चांगले झाले. पुष्कळ नवोदितांना कोणी विचारतही नाही. चित्रीकरणाच्या हजेरीपत्रकावर सहायकाने घाईत जे लिहिले असेल तेच पुढे पडद्यावर येते आणि मग तेच जन्मभराचे नाव होऊन बसते.

पहिल्या पाटीवरची चूक किती काळ टिकते, याचे एक उदाहरण देतो. ब्रिटिश अभिनेत्री टँडीवे न्यूटन यांचा पहिला चित्रपट १९९१ सालचा. त्याच्या नामावलीत त्यांच्या नावातले एक अक्षर निष्काळजीपणे गाळले गेले आणि ‘टँडीवे’चे ‘टँडी’ झाले. पुढची सुमारे तीस वर्षे जगाने त्यांना त्याच नावाने ओळखले. २०२१ साली त्यांनी जाहीर केले, की यापुढे आपले नाव पूर्ण आणि मूळ स्वरूपातच लिहिले जाईल. एवढी प्रतिष्ठा असलेल्या व्यक्तीला गळालेले एक अक्षर परत मिळवायला तीन दशके लागतात, यावरून पहिल्या पाटीचे मोल लक्षात यावे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. पहिली पायरी, नाव मोकळे आहे की नाही हे पाहणे. ब्रिटनमधील ‘इक्विटी’ किंवा अमेरिकेतील ‘स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड’ अशा कलाकार संघटनांनी दोन सभासदांना एकाच नावाने काम करू न देण्याचा नियम पूर्वापार पाळला, आणि आज आपल्याला मुळीच बनावट न वाटणारी कितीतरी नावे त्या नियमापोटी जन्मली आहेत. मायकेल कीटन यांचे मूळ नाव मायकेल डग्लस. ते आधीच घेतलेले होते. डायान कीटन मूळच्या डायान हॉल. त्या नावाची दुसरी अभिनेत्री संघटनेत असल्यामुळे त्यांनी आईचे माहेरचे आडनाव स्वीकारले. डेव्हिड टेनंट हे मूळचे डेव्हिड मॅकडॉनल्ड. त्यांनी एका संगीतविषयक नियतकालिकात वाचलेल्या गायकाचे आडनाव उचलले. मायकेल केन यांना १९५४ साली त्यांच्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर सांगितले, की तुम्ही वापरता ते नाव दुसऱ्या नटाचे आहे, ताबडतोब नवे सांगा. लंडनच्या लेस्टर चौकातून बोलत असताना समोरच्या चित्रपटगृहावर ‘द केन म्युटिनी’ हे नाव झळकत होते, आणि त्यातला ‘केन’ त्यांनी घेतला.

जिथे असा नियम नाही किंवा तो काटेकोरपणे पाळला जात नाही, तिथे तुम्हाला कोणी अडवणार नाही, हे खरे. पण त्यामुळे तपासणीची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते. आयएमडीबीसारख्या, चित्रपट आणि कलाकार यांची नोंद ठेवणाऱ्या महाजालावरच्या सूचीत एकाच नावाच्या व्यक्तींना रोमन आकडे जोडून वेगळे केले जाते. मात्र ते आकडे सूचीच्या आत असतात, लोकांच्या तोंडी नसतात. शोध घेताना केवळ नटनट्यांपुरते पाहू नका. खेळाडू, गायक, पत्रकार, राजकीय नेते यांपैकी कोणाचे ते नाव असेल, तर शोधयंत्राच्या पहिल्या पानावर तुम्ही दिसणार नाही. मायकेल बी. जॉर्डन यांच्या नावातला ‘बी’ बास्केटबॉलच्या मायकेल जॉर्डन यांच्यापासून त्यांना वेगळे करतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी तो आवर्जून छापला जातो.

यावरून तुमच्या आद्याक्षराच्या पर्यायाविषयी बोलतो. आद्याक्षर कागदावर टिकते, तोंडी बहुतेक वेळा गळून पडते. निवेदक, समीक्षक, सहकलाकार कोणीही ते उच्चारणार नाही आणि तुम्ही पुन्हा त्या ज्येष्ठ अभिनेत्रीच्या सावलीत जाल. ते टिकवायचे असेल तर ते नावाच्या लयीचाच भाग व्हावे लागते. मायकेल जे. फॉक्स यांचे खरे मधले नाव अँड्र्यू होते, परंतु ‘ए’ आणि आडनाव जोडून वाचले की इंग्रजीत ‘एक कोल्हा’ असा अर्थ निघतो, म्हणून त्यांनी ते नाकारले आणि मायकेल जे. पोलार्ड या नटाविषयीच्या आदरापोटी ‘जे’ घेतला. तुमचेही आद्याक्षर आणि आडनाव सलग वाचून भलताच शब्द तयार होत नाही ना, हे एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

केवळ पहिल्या नावाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. मधुबाला, नंदा, रेखा ही एकशब्दी नावे रुजली. पण एकशब्दी नाव दुर्मीळ असेल तरच ते एका व्यक्तीचे राहते. आपल्याच चित्रपटसृष्टीत मूकपटांच्या काळातल्या रूबी मायर्स (१९०७–१९८३) ‘सुलोचना’ या नावाने गाजल्या आणि त्यानंतरच्या पिढीत सुलोचना लाटकर (१९२८–२०२३) याही ‘सुलोचना’ म्हणूनच घराघरात पोहोचल्या. दोघींचे कर्तृत्व थोर आहे, तरीही जुन्या लेखांतून आणि सूचींमधून आजही एकीचे काम दुसरीच्या नावावर पडते, हे मी स्वतः दुरुस्त केले आहे. इतक्या मोठ्या कलावतींच्या बाबतीत जर असे होते, तर नवोदित व्यक्तीने प्रचलित नाव एकटेच ठेवणे धोक्याचे आहे.

शब्दवेल्हाळ

मी नटांना उच्चार आणि वाचिक अभिनय शिकवते. वरील प्रतिसादात नाव मोकळे असण्याविषयी सर्व काही आले आहे, म्हणून मी केवळ ध्वनी आणि लिपी यांविषयी लिहिते.

नाव डोळ्यांनी निवडू नये. ते तीन प्रकारे ऐकावे: लांबून मारलेली हाक म्हणून, अनोळखी निवेदकाच्या तोंडून ध्वनिक्षेपकावर, आणि खरखरणाऱ्या दूरध्वनीवर. पहिले नाव ज्या अक्षराने संपते त्याच अक्षराने आडनाव सुरू होत असेल, तर दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात आणि ऐकणारा “काय म्हणालात?” असे विचारतो. दोन्ही शब्दांची लांबी अगदी सारखी असली, तर नाव काहीसे सपाट वाटते. एक लहान आणि एक लांब असले, तर त्याला आपोआप ठेका येतो. हा नियम नव्हे, पण कानाला हे जाणवते.

लिपीची अडचण अधिक गंभीर आहे, कारण तुमचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत अशा दोन जागी राहणार आहे. ‘क्ष’ रोमनमध्ये लिहिण्याच्या तीन तऱ्हा प्रचलित आहेत, ‘व’ कोणी व्हीने लिहितो तर कोणी डब्ल्यूने, दीर्घ ‘ई’साठी कोणी एक आय वापरतो तर कोणी दोन ई. एकच व्यक्ती तीन प्रकारे लिहिली गेली, की शोधयंत्रासाठी त्या तीन व्यक्ती होतात. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी एक चाचणी करून घेते, ती तुम्हीही करून पाहा. आपले नाव रोमन लिपीत लिहून, तुम्हाला न ओळखणाऱ्या पाच जणांना ते देवनागरीत लिहायला सांगा. पाचांपैकी चौघांनी ते बरोबर परत आणले, तर ते लेखन कायमचे ठरवून टाका. दोघांनाच जमले, तर नाव बदलण्याआधी रोमन लेखन बदलून पुन्हा चाचणी करा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. अंकशास्त्राच्या सल्ल्यावरून अक्षरे दुप्पट करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्या जादा अक्षराची आठवण दुसऱ्या कोणालाही राहत नाही.

‘ळ’विषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. इतरांना उच्चारता येत नाही, म्हणून आपल्या नावातला वर्ण टाकून द्यावा, हा सल्ला मला पटत नाही. तो वर्ण ज्यांच्या भाषेत नाही ते त्याचा ‘ल’ करतील, आणि करू देत. त्यामुळे ओळख पुसली जात नाही. असा सल्ला देणाऱ्यांची बाजूही मला समजते. बेन किंग्सली यांचे जन्मनाव कृष्णा पंडित भानजी आहे, आणि परके वाटणारे नाव आपल्या संधींच्या आड येईल, ही त्यांची भीती त्या काळात निराधार नव्हती. पण ती भीती ज्यांच्या मनोवृत्तीमुळे निर्माण झाली, त्यांच्या सोयीसाठी आजही नावे बदलत राहावे का, याचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा. आजीचे आडनाव तुम्ही घेतलेत, तर ते नाव मोकळे आहे आणि ते तुमचे आहे, या कारणासाठी घ्या. ‘ळ’पासून सुटका व्हावी म्हणून घेऊ नका.

विंगेतून

मी गेली २६ वर्षे रंगभूमीवर आहे आणि ज्या नावाने मला लोक ओळखतात ते माझे जन्मनाव नाही, म्हणून तुमच्या प्रश्नातले ते “वळून पाहीन की नाही” हे वाक्य वाचून मला लिहिल्यावाचून राहवले नाही.

मी २१ वर्षांची असताना माझ्या पहिल्या व्यावसायिक नाटकाच्या दिग्दर्शकांनी तालमीच्या दुसऱ्या दिवशी मला नवे नाव दिले. पहिले नावही नवे, आडनावही नवे. मी हरखून गेले होते. आपल्याला कोणी नाव देण्याइतके महत्त्वाचे मानले, याचाच आनंद होता. पुढचे दोन-तीन महिने मात्र फार अवघड गेले. तालमीत त्या नावाने हाक आली, की मी मान वर करत नसे. मला ऐकूच येत नसे, कारण ते नाव माझ्या कानात नव्हते. काही सहकाऱ्यांचा समज झाला, की ही मुलगी गर्विष्ठ आहे, आणि तो समज पुसायला मला पुष्कळ काळ लागला.

त्याहून खोल रुतलेला प्रसंग वेगळाच आहे. त्या नाटकाच्या एका प्रयोगाच्या शेवटी कलाकारांची ओळख करून दिली जात होती. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. प्रत्येक नावाला ती मनापासून टाळ्या वाजवत होती. माझे नाव पुकारले गेले तेव्हा तिचे हात मांडीवरच राहिले. मी प्रकाशात आले, तिने मला पाहिले, आणि मग तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ते नाव माझे आहे, हे तिच्या लक्षातच नव्हते. नंतर तिने त्याविषयी कधीही तक्रार केली नाही, पण ते दोन क्षण मी अजून विसरू शकलेले नाही.

आज ते नाव माझे आहे. २६ वर्षांच्या कामाने ते माझे केले आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. तरीही घरी आणि जुन्या मैत्रिणींमध्ये मी पहिल्याच नावाने राहते. स्ट्युअर्ट ग्रेंजर यांचे मूळ नाव जेम्स स्ट्युअर्ट होते आणि त्याच नावाचा नट आधीपासून असल्यामुळे त्यांना ते बदलावे लागले, परंतु पडद्याबाहेर त्यांचे मित्र त्यांना अखेरपर्यंत ‘जिमी’ म्हणत. एमा स्टोन यांचे मूळ नाव एमिली. संघटनेत ‘एमिली स्टोन’ आधीच नोंदलेले असल्यामुळे त्या एमा झाल्या, आणि इतके यश मिळाल्यावरही २०२४ साली त्यांनी सांगितले, की आपल्याला कोणी एमिली म्हटले तर आवडेल. हाकेचे नाव माणसाच्या किती आत असते, हे यावरून कळते.

म्हणून माझा सल्ला असा, की ज्या नावाने तुम्हाला लहानपणापासून हाक मारली जाते त्याला हात लावू नका. बदलायचे ते दुसरे पद बदला. उषा मराठे यांच्या उषा किरण झाल्या, तेव्हा ‘उषा’ होती तिथेच राहिली. ज्युलियन मूर यांची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. त्यांचे नाव ज्युली ॲन स्मिथ, आणि त्या नावाची जवळजवळ सर्व रूपे आधीच घेतलेली होती. त्यांनी आपलीच दोन नावे जोडून ‘ज्युलियन’ केले आणि वडिलांच्या मधल्या नावातून ‘मूर’ घेतले; म्हणजे नाव नवे झाले, पण त्यातले एकही अक्षर घराबाहेरून आणावे लागले नाही. नॅटली पोर्टमन यांनीही आजीचे माहेरचे आडनाव घेतले, आणि त्यामागे कुटुंबाचे खासगी आयुष्य जपण्याचा हेतू होता. तुम्ही कधी ना कधी त्याही दृष्टीने विचार कराल.

आता कोणी म्हणेल, की युसुफ खान यांचे दिलीप कुमार झाले, शिवाजीराव गायकवाड यांचे रजनीकांत झाले, मग संपूर्ण नवे नाव वाईट कसे? ते वाईट नाहीच. पण ती नावे कशी आली, तेही पाहावे. ‘दिलीप कुमार’ हे नाव बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेच्या देविका राणी यांनी दिले आणि १९४४ साली त्याच संस्थेने त्या नावाचा नायक प्रेक्षकांसमोर आणला. शिवाजी गणेशन या ज्येष्ठ तमिळ नटाच्या नावाशी गोंधळ होऊ नये म्हणून दिग्दर्शक के. बालचंदर यांनी १९७५ साली ‘रजनीकांत’ हे नाव दिले, आणि तेच पुढे त्यांना भूमिका देत राहिले. नाव देणाऱ्याने ते नाव उचलूनही धरले होते. आज कार्यशाळेत कोणी नाव सुचवतो, तेव्हा ते उचलून धरण्याचे ओझे तुमच्या एकटीच्या खांद्यावर येते. मला नाव देणाऱ्या दिग्दर्शकांनी पुढे माझ्याबरोबर एकही नाटक केले नाही, म्हणून हे मी अनुभवाने सांगते.

राहिले बाबा. त्यांना पर्याय सांगू नका, कारण पर्याय सांगितले की त्यांना परवानगी देण्याच्या भूमिकेत उभे राहावे लागते. त्यांना काम सांगा. नावे मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

पहिली_घंटा

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. गेल्या पाच दिवसांत जे केले ते सांगते.

संपूर्ण नवे नाव आणि एकटे पहिले नाव, हे दोन्ही विचार मी सोडले आहेत. आद्याक्षर घालून स्वतःची ओळख करून देण्याचा मी दोन दिवस सराव केला, आणि तिसऱ्या वेळेपासून मी स्वतःच ते गाळू लागले. त्यामुळे तो प्रश्नही मिटला. आता माझे पहिले नाव आणि आजीचे माहेरचे आडनाव उरले आहे. हे जोडनाव चित्रपट, नाटक, क्रीडा, पत्रकारिता अशा सर्व ठिकाणी शोधले. मला कोणी सापडले नाही. शब्दवेल्हाळ ताईंची चाचणी पहिल्या खेपेस फसली, पाचांपैकी दोघांनीच नाव बरोबर लिहिले. रोमन लेखनात एक अक्षर बदलल्यावर पाचही जणांनी बरोबर लिहिले.

आजीला विचारायला गेले तेव्हा ती काही न बोलता चष्मा लावून बसली आणि म्हणाली, “लिहून दाखव.” मी लिहिले. तिने कागद हातात घेतला आणि सांगितले, की यातली वेलांटी दीर्घ आहे, तू ऱ्हस्व लिहिली आहेस. मग स्वतः पेन घेऊन तिने ते आडनाव लिहिले. आपण ५८ वर्षांनी हे लिहितो आहोत, असे ती म्हणाली. तो कागद माझ्याजवळ आहे.

बाबांना मी वाचायला सांगितले. त्यांनी ते जोडनाव तीन वेळा वाचले, तिसऱ्यांदा उभे राहून, निवेदकासारखे. त्यानंतर त्यांनी विचारले, की बँकेत आणि कागदपत्रांवर काय राहणार. त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. दोन नावे असल्यामुळे करारात, मानधनात किंवा प्रवासात अडचण येते का?

करार_आणि_हिशेब

निर्मिती संस्थांचे करार आणि देयके पाहणे हे माझे काम आहे, म्हणून आपल्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

व्यावसायिक नाव घेण्यासाठी कायदेशीर नाव बदलण्याची आवश्यकता सामान्यतः नसते. करार कायदेशीर नावानेच होतो, मानधन त्याच नावाच्या खात्यात जमा होते, करही त्याच नावाने भरला जातो. करारात एक स्वतंत्र वाक्य मात्र आवर्जून घालून घ्यावे, की सदर कलाकाराचे व्यावसायिक नाव अमुक असून श्रेयनामावली, जाहिराती आणि प्रसिद्धी साहित्य यांत तेच वापरले जाईल. आणि ते नाव दोन्ही लिप्यांत, प्रत्येक अक्षर जसे हवे तसे, त्या वाक्यातच छापलेले असावे. तोंडी आश्वासन पुरेसे नाही, कारण करार करणारी व्यक्ती आणि नामावली तयार करणारी व्यक्ती यांची अनेकदा भेटही होत नाही.

प्रवासाचे तिकीट आणि हॉटेलची नोंदणी ओळखपत्रावरच्या नावानेच करायला सांगावी. निर्मिती विभाग सवयीने पडद्यावरचे नाव देतो आणि मग विमानतळावर खोळंबा होतो. मायकेल केन यांनी सहा दशके पडद्यावरचे नाव वापरले, पण कागदोपत्री ते मॉरिस मिकलव्हाइटच राहिले, आणि २०१६ साली विमानतळावरच्या वाढत्या तपासणीला कंटाळून त्यांनी अखेर कायदेशीर नाव बदलले. म्हणजे हा निर्णय आपल्याला आज घ्यावा लागत नाही.

दोन गोष्टी मात्र आजच कराव्यात. नाव निर्मिती विभागाला कळवण्यापूर्वी त्या नावाचा ईमेल पत्ता आणि समाजमाध्यमांवरची खाती घेऊन ठेवावीत. आणि आपल्या माहितीपत्रकात, पुढची दोन-तीन वर्षे तरी, नव्या नावाखाली “पूर्वीचे काम अमुक नावाने” अशी एक ओळ ठेवावी. नाहीतर चार वर्षांच्या रंगभूमीवरच्या कामाचा आपल्याशी असलेला दुवा तुटेल.

नामावली_लेखक

वरील सूचनांत एकच भर घालतो. नाव दूरध्वनीवर सांगू नका आणि कागदाचे छायाचित्रही पाठवू नका. युनिकोडमध्ये टंकलिखित करून ईमेलने पाठवा, म्हणजे त्या नावाची नक्कल करून चिकटवता येईल आणि कोणालाही ते पुन्हा टंकावे लागणार नाही. वेलांटी दीर्घ आहे, हे त्याखाली शब्दांत लिहा. आणि अंतिम नामावली तयार होण्यापूर्वी आपल्या नावाच्या पाटीचे चित्र पाहायला मागा. ते मागणे अनुचित नाही. आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट मदतच होते.

पहिली_घंटा

नवव्या दिवशी ईमेल पाठवला, वेलांटीच्या सूचनेसह, आणि करारातल्या वाक्याचीही विनंती केली. ती मान्य झाली. काल संध्याकाळी पाटीचे चित्र आले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत माझे नाव होते आणि वेलांटी ऱ्हस्व होती. मी तासाभरात उत्तर दिले, सोबत आजीने लिहिलेल्या कागदाकडे पाहून पुन्हा एकदा टंकलेले नाव जोडले. आज सकाळी दुरुस्त केलेली पाटी आली आहे. आजीला दाखवली, तिने चष्मा लावून पाहिली आणि “आता बरोबर आहे,” असे म्हणाली.